चपलांची राखण

"बायकांचं आत काय काम? चपला सांभाळा!" समेटाच्या पाचव्या बैठकीलाही पुरुषांनी आम्हाला देवळाबाहेरच बसवलं.

पालखी आधी कुणाची, यावरून आमची वाडी आणि ओढ्यापलीकडची वाडी जत्रेत भिडल्या होत्या. डोकी फुटली. पलीकडे जाईल त्याला वाळीत टाकायचं, असं दोन्हीकडे ठरलेलं. आणि माझी लेक पलीकडे दिलेली, तिचे दिवस भरत आलेले.

तिची सासू शेजारीच बसली होती. म्हटलं, "विहीणबाई, सांभाळायच्या का चपला?"

"सांभाळू की! सगळ्या डाव्या तुमच्या वाडीत, उजव्या आमच्या."

आत शिवीगाळ रंगली, तोवर आम्ही बायकांनी चारशे चपला घरोघर पोचवल्या. बरं, चाळीस धरा.

मग एकेक गडी जोड शोधत पलीकडे गेला. प्रत्येक दारात बाई उभी. "बसा भावजी. चहा घेतल्याशिवाय चप्पल नाही."

सगळेच जाऊन आले. आता वाळीत कोण कुणाला टाकणार?

त्याच आठवड्यात नात माझ्या हातांवर आली. बैठकीत आता आम्ही दोघी विहिणी मधोमध बसतो. पुरुष बसतात चपला काखेत धरून.