अंगाखालचं गवत

"तुमीच त्याला वर धाडला, सायेब. आन् आता भायेर पाटी लावलीय, जंगल बंद म्हनून."

वनखात्याच्या कचेरीत साळुबाईनं हे उभ्या उभ्याच सुनावलं. बस म्हणायला कुणी तोंड उघडलं नव्हतंच. साहेबानं पेनाला टोपण लावलं, एकदा पंख्याकडं बघितलं आणि मग तिच्याबरोबर आलेल्या पिंटूकडं. पिंटू म्हणजे आळेफाट्यावरच्या भंवरलाल शेठचा पोरगा, साळुबाईच्या समर्थचा जोडीदार. दर थंडीत दोघं मिळून कॉलेजच्या पोरांना डोंगर चढायला न्यायचे. परवाने काढायचं काम पिंटूचं, वाट दाखवायचं समर्थचं.

"ह्या कोण?"

"समर्थची आई. मार्चातल्या वणव्यात गेला तो, साहेब."

"हां, हां." साहेबाचा आवाज खाली आला. "वाईट झालं. फार वाईट झालं."

झालं! जसं काही ते आपलं आपणच झालं. त्या दुपारी समर्थ-पिंटू ही दोघं पायथ्याच्या वाडीत पुढच्या रविवारच्या मुक्कामाचं बोलत बसली होती. कचेरीचा गार्ड मोटरसायकलवर धापा टाकत आला. वर आग, माझ्याकडं माणूस नाही, वाट तुम्हालाच ठाऊक, चला. तेव्हा परवाना कुणी विचारला नाही. तेव्हा जंगल बंद नव्हतं. पोरं ओल्या डहाळ्या घेऊन आगीवर धावली. पुढं वारं फिरलं. आणखी माणसं आण म्हणून समर्थनं पिंटूला खाली पिटाळलं, म्हणून पिंटू आज इथं उभा होता.

आता तो साळुबाईला वर न्यायचा बेत सांगत होता. घोकून आल्यासारखा.

"नाळेच्या उभ्या घळीनं नाही नेत, साहेब. मावशींचे गुडघे धरलेत. मागच्या सोंडेनं बैलवाट आहे, तिनं नेतो. पहाटे कमांडर जीपनं पायथ्याला आणि ऊन चढायच्या आत वर. वरच्या टाक्यात राख पडलीय, पाणी आम्ही खालून नेणार. मावशी थकल्याच तर वाडीतल्या कुशाबांना डोलीचं सांगून ठेवलंय. चूल पेटवणार नाही. काडेपेटीसुद्धा खालीच ठेवतो. जायचं, बघायचं, उतरायचं. एका दिवसाचा परवाना द्या."

"डोलीत बसून ट्रेकिंग?" दाराशी टेकलेला शिपाई फिसकन हसला. "झ्याक हाय की, मावशी!"

"तुजा सायेब तरी कवा चढलाय का रं त्यो डोंगर? इचार त्याला."

शिपायानं हसू गिळलं आणि भिंतीवरचं कॅलेंडर बघू लागला.

साहेब चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. "ऐका मावशी. वणवा लागून गेला की पाऊस पडेपर्यंत आम्ही कुणालाच सोडत नाही. जळकी झाडं उन्मळतात, धोंडे सुटतात. उद्या तुम्हाला काही झालं तर जबाबदार कोण?"

"समर्थला कोन व्हतं?"

साहेबानं पेनाचं टोपण काढलं. पुन्हा लावलं.

"बरं, पण तिथं बघण्यासारखं आहे काय? नुसती राख आहे हो."

पिंटूनं मान खाली घातली. तिथं काय आहे ते त्यानंच साळुबाईला सांगितलं होतं. बोलून गेल्यावर जीभ चावली होती, पण तोवर तिनं ऐकलं होतं.

"मला त्याचं त्वांड बगू दिलं न्हाई," साळुबाई म्हणाली. आवाज चढला नाही, उलट एकदम घरातल्यासारखा झाला. "गाठोडं आनलं व्हतं. बायांनी धरून ठिवली मला. सोडू नगा म्हनं, बगवायचं नाय तिला. तसंच नेलं आन् जळाल्याला पुन्यांदा जाळलं."

साहेबानं पेन बाजूला ठेवलं.

"ह्यो पिंट्या व्हता उचलायला. पालथा पडला व्हता म्हनं. त्याला उचलला, तं खालचं गवत तसंच. समदा माळ काळा, आन् तेवढंच पिवळं. हात पसरल्याले. एक पाय दुमडल्याला. ल्हानपनी निजायचा ना, तसा." तिनं टेबलाच्या काचेवर बोटानं तो दुमडलेला पाय काढून दाखवला. "तेवढं बगायचंय. हात लावायचाय. दुसरं मला तुमच्या जंगलातलं काडीबी नगं."

शिपाई कधी बाहेर गेला ते कळलं नाही.

साहेब माणूस म्हणून वाईट नव्हता. त्यानं खरोखर धीर द्यायलाच तोंड उघडलं.

"मावशी, माझं ऐका. आत्ता नका जाऊ, तुम्हाला सोसणार नाही ते. जुलैत या. मी स्वतः सही करतो, सोबत गार्ड देतो. तोवर सगळीकडं गुडघाभर गवत आलेलं असतं. एकसारखं हिरवंगार. इथं वणवा लागला होता हे सांगूनसुद्धा खरं वाटत नाही कुणाला."

पिंटूनं डोळे मिटून घेतले.

साळुबाईनं दोन्ही तळवे काचेवर टेकले आणि ती साहेबाच्या तोंडापर्यंत वाकली.

"मंग त्या हिरव्यात माजा समर्थ कुटं पडला व्हता, ते कोन दावनार मला? तुमी? का तुमचा गार्ड? खाली नगा बगू, सायेब. मला सांगा. कोन दावनार?"