पोटात उरलेलं

नर्स हबीबा सलाइनच्या नळीत इंजेक्शन सोडणार, तोच मब्रूकाने तिचं मनगट धरलं.

“नको.”

हबीबाचा हात तसाच थांबला. एकेचाळीस दिवसांत मब्रूकाच्या तोंडून निघालेला हा पहिला शब्द होता.

एकेचाळीस दिवसांपूर्वी स्वयंपाकघरात सिलिंडर फुटला. मब्रूका आगीत दोनदा शिरली. दुसऱ्यांदा बाहेर आली तेव्हा चार वर्षांची सिरीन तिच्या हातांत होती, पण श्वास थांबलेला. पोरीला मूठमाती दिली तेव्हा आई बेशुद्ध होती. ती शुद्धीवर आल्यावर नवऱ्याने, अम्मारने, कसंबसं सांगितलं. तिने ऐकलं आणि छताकडे बघत राहिली. रडली नाही. स्फॅक्स या बंदराच्या शहरातल्या त्या जळीत वॉर्डात पट्ट्या बदलताना धट्टेकट्टे कोळी किंचाळायचे. ही हूं की चूं करायची नाही. कूस बदल म्हटलं, बदलली. सही कर म्हटलं, केली. दोन ऑपरेशनं झाली, मांडीची कातडी काढून पाठीवर लावली. दोन्ही वेळा आधी हेच अँटिबायोटिक टोचलं. कसलं, कशाला, काही विचारलं नाही.

आणि आज, तिसऱ्या ऑपरेशनच्या सकाळी, नको म्हणत होती.

सर्जन शादली तरातरा आले. “मब्रूकाताई, हा काय हट्ट? जगायचं नाहीये का तुला?”

तिने नजर छतालाच लावली.

“अगं, माझ्याकडे बघ तरी,” अम्मार पलंगाशी वाकला. ऑलिव्हच्या घाण्यावरून तो तसाच आला होता, बाह्यांवर तेलाचे डाग होते. “तुझ्याशिवाय कोण राहिलंय मला?” मग तो डॉक्टरांकडे वळला. “टोचा तुम्ही. मी हात धरतो तिचे. जीव द्यायचाय हिला, दुसरं काय!”

“जीव द्यायचाय, तर काल जेवली कशी?” हबीबा म्हणाली. “अर्धा वाडगा जवाचं सूप. मीच भरवलं. इतके दिवस नळीवर होती.”

शादलींच्या कपाळाला आठी पडली. दाराशी रीम उभी होती. ही तरुण डॉक्टर रोग्यांच्या शौचाचे नमुने तपासायची.

“तू काल हिच्याशी काय बोललीस?”

रीम गांगरली. “विशेष काही नाही, सर. हिचे जुलाब थांबत नाहीयेत ना, म्हणून कारण सांगत होते. पहिल्या इंजेक्शनाआधी हिच्या पोटात शेकडो जातींचे चांगले जंतू होते. दोन इंजेक्शनांनंतर जेमतेम वीस-पंचवीस जाती उरल्यात. मी म्हटलं, घाबरू नका, खायला लागलात की वाढतील. असे जंतू घरातल्या माणसांचे एकमेकांकडे जात असतात, तेही सांगितलं. ही छताकडेच बघत होती. मला वाटलं, ऐकतच नाहीये.”

शादलींनी स्टूल ओढलं आणि बसले. आवाज उतरला.

“हे बघ ताई. या इंजेक्शनाने कातडी लावल्यावर पू धरत नाही, असं आम्ही मानतो. खात्री नाही. म्हणून तर रीमचा हा अभ्यास चाललाय. तिच्या यादीतल्या निम्म्या रोग्यांना आम्ही हे देतच नाही. तुलाही नाही देत. पण ताप चढला, तर तुझं ऐकणार नाही. आणि जखम रोज दोनदा धुवावी लागेल. फार दुखेल.”

“धुवा.”

“डॉक्टर, अहो—” अम्मार म्हणाला. शादलींनी हाताने त्याला थांबवलं. हबीबाने इंजेक्शन ट्रेमध्ये ठेवलं.

“आता मला एवढंच सांग,” शादली म्हणाले, “का?”

मब्रूकाने छतावरची नजर खाली आणली. कोरडे ओठ हलले.

“आम्ही दोघी एकाच थाळीत जेवायचो. माझ्या सिरीनचं जे काही माझ्या पोटात उरलंय, तेवढं मारू नका.”