कुणी मागू नये असा स्टिरिओ

"याहून कुरूप नाही का एखादा?" इलाइतियाने विचारलं.

शिवनारायण शेठ सिगातोकाच्या बाजारात बावीस वर्षं गाड्यांचे स्टिरिओ विकत होते. स्वस्त मागणारे त्यांना रोज भेटत, मोठ्या आवाजाचा हट्ट धरणारेही भेटत. कुरूप मागणारा हा पहिलाच. काउंटरवर मांडलेले पाच-सहा स्टिरिओ त्याने एकेक करून बाजूला सारले होते. याचा पडदा फार मोठा. त्याचे दिवे फार सुंदर. तिसऱ्याच्या तर बघताक्षणी कोणीही प्रेमात पडेल, म्हणून तो नकोच.

इलाइतिया टॅक्सी चालवायचा आणि त्याची अडचण खरी होती. चार वर्षांत त्याचे तीन स्टिरिओ गेले होते. चोरांनी नाही, नातेवाइकांनी नेले होते. या बेटांवर याला केरेकेरे म्हणतात. नात्यातल्या माणसाने वस्तू मागितली की ती द्यायची. नाही म्हणायला जीभच वळत नाही. पहिला स्टिरिओ चुलतभावाने नेला, दुसरा बायकोच्या मामाने. तिसरा, चांगला मोठ्या पडद्याचा, मेहुण्याने म्हणजे सामिसोनीने नेला, तोही चहा पिता पिता. दर वेळी इलाइतिया हसत हसत स्क्रू काढून द्यायचा आणि पुढचे कित्येक महिने मुक्या टॅक्सीतून दिवसाचे अकरा तास हिंडायचा. गाण्याशिवाय त्याला अजिबात करमत नसे. गिऱ्हाइकंसुद्धा गाणी वाजणाऱ्या टॅक्सीकडेच वळत.

"फोन जोडता आला पाहिजे, पेन ड्राइव्ह चालला पाहिजे, आवाज खणखणीत पाहिजे," तो म्हणाला. "पण शेठ, बघणाऱ्याने नाक मुरडलं पाहिजे."

शेठ मागच्या खोलीत गेले आणि धूळ झटकत एक खोकं घेऊन आले. स्टिरिओचा रंग फिकट जांभळा, बटणं गुलाबी, आणि कोपऱ्यात एक हसरं बदक. तीन वर्षांत त्याला कोणी हात लावला नव्हता. पण इलाइतियाचा फोन ब्लूटूथवर एका दमात जोडला गेला, आणि आवाज असा निघाला की काउंटरची काच थरथरली. किंमत पंच्याऐंशी डॉलर. इलाइतियाने घासाघीससुद्धा केली नाही.

रविवारी चर्चहून परतताना सामिसोनी पुढच्या सीटवर बसला आणि इलाइतियाचा जीव टांगणीला लागला. मेहुण्याने त्या बदकाकडे पाहिलं आणि घर येईपर्यंत तो पोट धरून हसत राहिला. हे नुसतं दूध पितं की दालोचा कंद उकडून, कुस्करून भरवावा लागतो, असंही त्याने विचारलं. मागितलं मात्र काही नाही. बायकोच्या मामाने नाक मुरडलं. चुलतभाऊ तर खिडकीतून डोकावूनच परत गेला. इलाइतिया गाणी लावून, मान डोलावत, खोऱ्यातल्या रस्त्यांवरून हिंडू लागला. आपण एवढे चलाख कधी झालो, याचं त्याला स्वतःलाच कौतुक वाटत होतं.

तीन महिने मजेत गेले. मग त्याच्या हळूहळू लक्षात आलं. इतक्या दिवसांत कोणी कुदळ मागायला आलं नव्हतं. छत्री नाही, जाळं नाही, शर्ट नाही. आणि मग चुलतभावाच्या मुलीचं लग्न निघालं, तर नवरीला चर्चमध्ये न्यायला टॅक्सी आली शेजारच्या गावची. याची टॅक्सी दारात धुऊन पुसून उभी असताना. इलाइतियाला ते फार लागलं. घरी आल्यावर मासे-भात जेवता जेवता त्याने बायकोला, मेरेओनीला, विचारलंच, की मला कसं कोणी सांगितलं नाही?

ती चटई विणत होती. तिने मान वर केली नाही.

"कसं सांगतील? लेकरांचं खेळणं बसवून गावभर फिरता. सगळ्यांना वाटतंय तुमचे दिवस फिरलेत. ज्याच्याजवळ काही उरलं नाही, त्याच्याकडे मागायचं कोणी? हे मासेसुद्धा मामींनी पाठवलेत, तुमची दया येऊन."

इलाइतियाने माशाचं ताट बाजूला सारलं. तीन स्टिरिओ गेले तेव्हाही त्याला इतकं गरीब वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून गाणी वाजत होती, पण आवाज त्याने अगदी बारीक ठेवला होता. एका गिऱ्हाइकाने वाढवायला सांगितला, तर त्याने ऐकू न आल्यासारखं केलं.

शनिवारी सकाळी तो टॅक्सी धूत असताना सामिसोनी आला. आज त्याने चेष्टा केली नाही. उगाच टायरला लाथ मारून पाहिली, हवेबद्दल बोलला, मान खाजवली. हाही काहीतरी द्यायलाच आलाय, अशी इलाइतियाची खात्री झाली. तो खाली मान घालून फडकं पिळत राहिला.

"दाजी, मागायला जरा लाज वाटतेय," सामिसोनी म्हणाला. "तो पडद्याचा माझ्याकडून काकाने मागून नेला. म्हटलं, तुमचा हा बदकवाला दिलात तर..."

त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत इलाइतिया स्क्रू ड्रायव्हर आणायला घरात पळाला. पाच मिनिटांत तारा सुटल्या. स्टिरिओ मेहुण्याच्या हातात पडला, आणि गाण्यांनी भरलेला पेन ड्राइव्हही त्याने वरून दिला.

"आणखी काही हवंय का रे?" त्याने आशेने विचारलं.

सामिसोनी जरासा विचारात पडला आणि मग त्याने कुदळही मागून नेली. त्या दिवशी टॅक्सीत स्टिरिओच्या जागी नुसतं भोक होतं, आणि सिगातोकाच्या बाजारापर्यंत इलाइतिया खिडक्या उघड्या टाकून स्वतःच गात गेला.