किल्लीची नवी जागा

“साहेब, साठ वर्षांत या डॅशबोर्डला कुणी भोक पाडलं नाही. जुन्या गाड्यांच्या रॅलीत मार्क जातील,” ड्रिल मशीन हातात धरून हणमंत मिस्त्री कुरकुरला.

“जाऊ देत,” प्रधानसाहेब म्हणाले. “किल्लीचा स्विच डावीकडे बसव, शेजारच्या सीटसमोर.”

हणमंतचा जीव तुटला. ही लाल स्पोर्ट्स कार साहेबांच्या पत्नीची, कुमुदबाईंची. हिच्यावर त्यांनी अकरा रॅल्या मारल्या, पण एक स्क्रूही बदलू दिला नाही. वर्षापूर्वी त्यांची दृष्टी गेली आणि साहेबांना रानच मोकळं मिळालं, असं त्याला वाटलं. तरी त्यानं वायर वाढवून स्विच बसवला आणि किल्ली साहेबांपुढे धरली.

“मला कशाला?”

साहेबांनी बाईंना हाताला धरून आणलं, डावीकडे बसवलं, किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली आणि स्वतः स्टिअरिंगवर बसले. “कर सुरू.”

बाईंची बोटं चाचपडत स्विचपाशी पोचली. इंजिन गुरगुरलं. त्यांनी मान कलती करून ऐकलं.

“हणमंत, एक प्लग मिस होतोय.”

हणमंतला काहीच वेगळं ऐकू आलं नव्हतं. त्यानं बॉनेट उघडून एकेक प्लग काढला. चौथा काजळीनं काळाकुट्ट झाला होता.