शिल्लक कुप्या

नाव बुडाली तसा ऋषिकेशने हातातला कंट्रोलर सोफ्यावर आपटला. आतल्या खोलीत सुटकेस भरणाऱ्या अस्मिताला तो आवाज ऐकू आला आणि, खोटं कशाला बोला, तिला बरं वाटलं.

नाव टीव्हीवरची होती. 'मणिदुर्ग' या खेळाचा दुसरा भाग यायला आठ वर्षं लागली होती, आणि आल्या आल्या काय झालं, तर नायकाची नाव नदीत बुडाली आणि पहिल्या भागात जमवलेलं सगळं सामान तळाशी गेलं. जुनं सामान पुढच्या भागात जसंच्या तसं मिळेल, असं कंपनीने छातीठोकपणे सांगितलं होतं. त्या भरवशावर ऋषिकेशने संजीवनीच्या कुप्या जपून ठेवल्या होत्या. नायक मरायला टेकला तरी त्याने त्यातली एकही फोडली नव्हती.

"याले गेम म्हणतेत?" तो म्हणाला. "जिकडे पाहा तिकडे बाण. इकडे जा, तिकडे वळा. अंगणवाडीतल्या पोट्ट्यायसाठी बनवला काय?"

त्याचा मित्र देवदत्त बीरगांवहून मोटारसायकल हाणत आला होता तो हेच ऐकायला आणि ऐकवायला. खेळातला त्याचा घोडा कालपासून एका भिंतीत अडकून होता. दोघांनी मिळून खेळाची सालटी काढली. गावातल्या सगळ्या बायकांचा चेहरा एकच, राक्षस दोन फटक्यांत लोळतो, आणि जिच्यासाठी पहिल्या भागात एवढं युद्ध केलं ती राजकन्या आता ओळखसुद्धा दाखवत नाही. बनवणाऱ्यांनी पहिला भाग उघडून तरी पाहिला होता का, असं देवदत्तने विचारलं. ऋषिकेशच्या मते त्या लोकांना माणसाच्या मनाची काडीची किंमत नव्हती. कुणाला नावं ठेवायला मिळाली की त्याचा आवाज असा खुलायचा, हे अस्मिताला लग्नापासून माहीत होतं.

मंगळवारी भंडाऱ्याला तिच्या बाबांचं पोटाचं ऑपरेशन होतं. तिला भाऊ नव्हता, आईला गुडघ्यांमुळे जिना चढवत नव्हता. तुम्ही चला, असं तिने नवऱ्याला विचारून पाहिलं होतं. पण आठवडाभराची रजा या खेळासाठी काढली होती, आणि एरवी रजेला हात लावायचा नाही हा त्याचा नियम होता. आता खेळ भिकार निघाला होता आणि रजा हातात होती. आता तरी येतील, असं तिला वाटलं. तिने कपाटातून त्याचे दोन शर्ट काढून सुटकेसच्या कडेला ठेवले आणि चहा करायला गेली.

ट्रे घेऊन ती दारापर्यंत आली तेव्हा बाहेर रजेचाच विषय चालला होता.

"सोमवारी जॉइन होतो," ऋषिकेश सांगत होता. "या कचऱ्यापायी रजा काहून जाळू? पुढं कामी येईन."

"पण सायबाले तर तू मामाजींचं ऑपरेशन सांगितलं ना?"

"हव. आधीच झालं म्हणीन. बरे आहेत म्हणीन."

अस्मिता तिथेच थांबली. बाबांच्या ऑपरेशनची तारीख त्याने तिच्याकडून दोनदा विचारून घेतली होती, ती कशासाठी, हे तिला आत्ता कळलं. तिला राग यायला हवा होता. आली ती किळस. देवदत्तने तिला पाहिलं आणि मान खाली घातली. ऋषिकेशनेही पाहिलं. ऑफिसात असं सांगावंच लागतं, असं त्याने तिला समजावलं, आणि खरा खेळ कसा असतो ते देवदत्तला दाखवायला पहिला भाग लावला.

त्यातली पिशवी गच्च भरलेली होती. निळ्या कुप्यांच्या रांगाच्या रांगा. सणाच्या आधी डबे उघडून फराळ दाखवावा तसा तो एकेक रांग दाखवत होता. पिशवी मिटल्यावर मागचं गाव दिसलं. तिथे पुलाखाली एक म्हातारा पहारेकरी पोटावर हात दाबून पडला होता.

"हा काहून कण्हून राहिला?" अस्मिताने विचारलं.

"जखमी आहे. एक कुपी दिली की उठते."

"मग?"

"मग काय, हात जोडते अन् घरी जाते. ना तलवार देत, ना काही. त्याच्यावर कुपी कोण वाया घालवीन?"

"कवापासून पडला आहे?"

ऋषिकेश हसला. "पहिल्यापासून."

तिने ट्रे खाली ठेवला, कंट्रोलर उचलला आणि कोणतं बटण, असं देवदत्तला विचारलं. ऋषिकेश "अगं, ए" करत अर्धा उठला. देवदत्तने त्याच्याकडे न बघता बटण दाखवलं.

म्हातारा उठून बसला. मग पुलाला धरून उभा राहिला, धोतर झटकलं, समोर पाहून हात जोडले आणि पुलावरून हळूहळू निघून गेला.

"उठला," अस्मिता म्हणाली.

ती आत गेली. बाजूला काढलेले दोन्ही शर्ट तिने पुन्हा कपाटात ठेवले आणि सुटकेस बंद केली. गाडीला वेळ होता, पण तिला आता या घरात बसवेना. देवदत्त चहा न पिताच दाराशी आला आणि, वहिनी, स्टेशनवर मी सोडतो, असं खालच्या आवाजात म्हणाला. तिने सुटकेस त्याच्याकडे दिली आणि चपला घातल्या.

ऋषिकेशची पाठ दाराकडे होती. पिशवी पुन्हा उघडून तो राहिलेल्या कुप्या मोजत होता.