टाकीची सावली

भोगल्यांनी सामाईक गच्चीवर पाण्याची टाकी बसवली आणि तिची सावली नेमकी शेवंताच्या सासूबाईंच्या खाटेवर पडू लागली. आठवड्याभरात म्हातारीची हिरवीगार कातडी पिवळी पडली.

"भाऊजी, टाकी हलवा. उपाशी मरतील त्या," शेवंता म्हणाली.

भोगले आडवे पडून निवांत ऊन जेवत होते. "खाट हलवा की."

"कुठे हलवू? पाय ठेवायला तरी जागा आहे का गच्चीत?"

"मग जुन्या लोकांसारखी भाकरी भरवा."

"भाकरी पचवायला आतडी उरलीत का कुणाची? अंगात हिरवं भरलं तेव्हाच सुकली."

"माझ्या तान्ह्याला पाणी लागतं. टाकी राहणार. गच्ची सगळ्यांची आहे, कुणीही काहीही उभं करावं."

त्यांच्या शेजारी सतरंजीवर ते पोपटी बाळ उघडंवाघडं हातपाय झाडत होतं.

शेवंताने खाटेवरची चादर ओढली. बाळ आणि ऊन यांच्यामध्ये उभी राहून तिने ती दोन्ही हातांनी ताणून धरली. बाळ भुकेने कळवळून रडू लागलं.

"अहो, सरका! मरेल ते!" भोगले किंचाळत उठले.

"गच्ची सगळ्यांची आहे, भाऊजी," शेवंता म्हणाली आणि तिने चादर आणखी खाली आणली.