लांब नाकाचा राजा

"अस्संच एक मी वितळवलंय, दिगू," अल्बममधल्या नाण्यावर बोट ठेवत गावचे जख्ख म्हातारे सोनारकाका म्हणाले. "तुझ्या आईनंच आणून दिलं होतं."

दिगंबररावांचा हात पानावरच थांबला. लहानपणी जुन्या, उजाड गावठाणाच्या पांढरीच्या टेकाडावर त्यांना प्राचीन क्षत्रप राजांचं चांदीचं नाणं सापडलं होतं, लांब नाकाच्या राजाचं. रात्री ते उशाशी असायचं. एका आजारपणानंतर मात्र ते दिसेनासंच झालं. त्या एकाच्या ओढीनं त्यांनी गावोगावचे बाजार पालथे घातले, अल्बमवर अल्बम भरले. पण गालावर चीर असलेला तो राजा काही पुन्हा भेटला नाही.

"तापानं फणफणला होतास. तुझी माउली खंडोबाला चांदीचा टाक बोलली होती, आणि घरात चांदीचा मणी नव्हता."

घरी येताच त्यांनी देव्हाऱ्यातला हळदीनं माखलेला टाक तळहातावर घेतला. त्या आजारातून उठल्यावर रोज सकाळी ते ह्याच टाकापुढे हात जोडून मोठ्यानं म्हणायचे, "देवा, माझं नाणं सापडू दे."

आणि शेजारी उभी असलेली आई तोंडाला पदर लावून चुलीकडे निघून जायची.